साक्षीदार कोणाच्या ताब्यात होता?

बडोद्याच्या मराठी घरांत महाराज मल्हारराव गायकवाडांवर चाललेल्या, इंग्रज रेसिडेंटला विष घातल्याच्या खटल्याची गोष्ट अजून निघते, आणि निघाली की एकाच सुरात सांगितली जाते. महाराज निर्दोष होते, रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, फेअर याने कुभांड रचलं, साक्षीदार पढवले आणि गादी हिसकावली. दांडिया बाजारातल्या माझ्या सासरी मी हेच ऐकत आले. १८७५ च्या त्या चौकशीला दीडशे वर्षं होत आली तेव्हा आमच्या वाचनमंडळातल्या मंडळींनी मला गाठलं. "वकीलबाई, तुम्ही जन्मभर फौजदारी चालवलीत. साक्षीदार खरंच पढवलेले होते का, ते तुम्हीच कागद वाचून सांगा."

मी लगेच हो म्हटलं. महाराजांनी विष घालायला सांगितलं की नाही, हे दीडशे वर्षांनी मी काय सांगणार? पण एखादा जबाब कसा तयार झाला, हे कागदावरून काढता येतं. ते काम मी आयुष्यभर केलं आहे.

हकीगत थोडक्यात अशी. ९ नोव्हेंबर १८७४ ला सकाळी कर्नल रॉबर्ट फेअर फिरून रेसिडेन्सीत परतले. रोजच्याप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला टेबलावर होता. दोन-तीन घोट घेतल्यावर त्यांना मळमळलं, उरलेलं त्यांनी बाहेर फेकून दिलं, आणि मग पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला. त्यांना सोमल (आर्सेनिक) आढळला, आणि काही चकाकणारे कणही. पुढे मुंबईचे सरकारी रसायन परीक्षक डॉ. ग्रे यांनीही सोमल असल्याचा निर्वाळा दिला. चकाकणारे कण म्हणजे हिऱ्याची पूड, असं ठरलं. आठवडाभर आधीच, २ नोव्हेंबरला, महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून फेअरची बदली मागितली होती. हा खलिता दोन्ही बाजूंनी वापरला गेला. सरकारपक्ष म्हणाला, यातून महाराजांचं वैर दिसतं. बचावपक्ष म्हणाला, जो माणूस रीतसर बदली मागतो आणि ती मिळण्याच्या बेतात आहे, तो विष कशाला घालेल? आणि बदली झालीच. फेअर गेले, सर लुईस पेली आले.

तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आले. सोबत अकबर अली, अब्दुल अली आणि गजानन विठ्ठल हे त्यांचे मातब्बर अंमलदार. १४ जानेवारी १८७५ ला महाराजांना अटक झाली. २३ फेब्रुवारीला सहा जणांचं कमिशन बसलं. कलकत्ता हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष, सोबत सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल. हिंदी बाजूने ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि राजा सर दिनकरराव. सरकारतर्फे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल स्कोबल. महाराजांतर्फे थेट विलायतेहून आणलेले सार्जंट (ही तिथल्या वकिलांची पदवी) बॅलंटाइन.

कमिशनपुढच्या साक्षी तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापल्या, पुढे त्या इंग्लंडच्या संसदेपुढच्या कागदांतही गेल्या. आज त्यांची स्कॅन केलेली पानं मिळतात. मी ती छापून घेतली, कारण पडद्यावर मला जबाब वाचता येत नाही. जबाब हातात लागतो, कडेला पेन्सिल लागते.

वाचायला बसण्याआधी माझ्या वकिलीतली एक गोष्ट सांगते, कारण वाचण्याची रीत मला तिथे मिळाली. दुसऱ्या जिल्ह्यातला एक खुनाचा खटला होता. मयताच्या भावाच्या वतीने मी सरकारी वकिलांना मदत करत होते. डोळ्यांनी पाहणारी साक्षीदार एकच, समोर भाजीची लारी लावणारी बाई. पोलीस जबाबात तिने दोघांची नावं घेतली होती. सेशन्स कोर्टात पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मी काही पाहिलं नाही. अंधार होता." फितूर म्हणून जाहीर करून तिला जबाबातला मजकूर वाक्यावाक्याने विचारला. प्रत्येक वाक्याला "मी असं सांगितलं नाही." आरोपी सुटले. मयताच्या भावाचा आग्रह होता की तिच्यावर खोट्या साक्षीची कारवाई व्हावी. त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली अर्ज करावा लागे. आता ते नव्या संहितेत कलम ३७९ आहे. खोट्या साक्षीची फिर्याद कोणालाही परस्पर करता येत नाही, ती कोर्टानेच करायची असते, आणि न्यायाच्या हितासाठी तशी चौकशी हवी असं आधी कोर्टाला पटावं लागतं.

अर्जाच्या तयारीसाठी मी त्या बाईची लारी कुठे गेली याचा शोध घेतला. साक्षीच्या आधीच ती जागेवरून हलली होती. मुलगा आरोपींच्या नातलगाच्या दुकानात नोकरीला लागला होता. नवऱ्याचं जुनं कर्ज फिटलं होतं. ती मला फाटकाशी भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "बेन, तुम्ही सांजेला घरी जाता. मला त्याच गल्लीत राहायचंय." अर्ज टाकला, पण माझं मन त्यात नव्हतं. खोटं बोलली ती, हे खरं. पण तिला त्या खोट्यापर्यंत ज्यांनी नेलं, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. तेव्हापासून कुठलाही फिरलेला जबाब हातात आला की मी आधी मजकूर वाचत नाही. आधी बघते: पहिल्या जबाबापासून शेवटच्या जबाबापर्यंत हा माणूस कोणाच्या ताब्यात होता, त्याचं पोट कोणाच्या हातात होतं, आणि बोलल्याबद्दल त्याला काय मिळणार होतं.

१८७५ च्या साक्षी मी अशाच वाचल्या. माझ्या ज्युनिअरने भिंतीवर मोठा कागद लावला. ती गुजराती, तिला या खटल्याचं नावही माहीत नव्हतं. मला ते बरंच वाटलं, कारण तिच्या डोक्यात कुणी निर्दोष नव्हतं आणि कुणी खलनायक नव्हता. प्रत्येक साक्षीदाराची एक आडवी ओळ. अटक कधी, पहारा कोणाचा, माफीचं वचन मिळालं का आणि कोणी दिलं, पहिला जबाब कधी, त्यात काय नव्हतं जे पुढे आलं. वाक्यरचना जुळते का ते आम्ही पाहिलं नाही, कारण दुभाषा आणि लिहिणारा एकच असला की दोन माणसांची भाषा आपोआप सारखी होते. फक्त गोष्टी पाहिल्या: कोण, कुठे, कोणत्या हाताने.

पहिली ओळ रावजीची. रेसिडेन्सीच्या शिपायांचा हा हवालदार. २२ डिसेंबरला त्याला धरलं, माफीचं वचन मिळालं आणि तो बोलता झाला. राजवाड्यात रात्री-अपरात्री जाणं, पैसे घेणं, आणि शेवटी पुड्या मिळणं व त्या पेल्यात टाकणं, सगळं त्याने सांगितलं. पाठोपाठ त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. हा पट्टा रावजीच्या अंगावर नव्हता. तो तेव्हा दुसराच शिपाई वापरत होता. पुडी आहे हे पहिल्यांदा बोटांना लागलं अकबर अलींच्या, आणि मग सूटर साहेबांना बोलावून ती त्यांच्यासमोर काढली. बॅलंटाइन यांनी सगळ्यात जास्त जोर इथे लावला. पुडी काढताना साहेब हजर होते, पण पुडी आत गेली तेव्हा कोण हजर होतं?

मी या प्रश्नावर बराच वेळ थांबले. फौजदारी वकिलाला जप्तीचा पंचनामा कसा होतो हे माहीत असतं. पंच आले, वस्तू निघाली, सह्या झाल्या. त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं, तरी सगळं घडवून आणलेलं असू शकतं. आणि उलटही तितकंच खरं: प्रामाणिक अंमलदाराच्या हातालाच पुडी लागते, कारण शोधत तोच असतो. पट्ट्यातल्या पुडीने मला कुठलीच बाजू दिली नाही. मी कागदावर लिहिलं, "ताबा: पोलीस. स्वतंत्र पंच: नाही."

दुसरा नरसू जमादार. त्याची कबुली रावजीच्या कबुलीनंतरची आहे, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रावजी फुटला हे एकदा तपासाच्या हवेत आलं की नरसूपुढे दोनच वाटा होत्या: रावजीशी जुळवून घेणं किंवा एकट्याने बुडणं. त्याला माफीचं वचन दिलं नव्हतं, असा सरकारपक्षाचा दावा होता. म्हणजे याला खोटं बोलून मिळणार काय, असा त्यांचा युक्तिवाद. पण कबुलीनंतर हाच नरसू रेसिडेन्सीच्या बागेतल्या विहिरीत गेला आणि त्याला बाहेर काढावं लागलं. वर्षानुवर्षं रेसिडेन्सीची चाकरी केलेला माणूस. तो पश्चात्तापाने गेला, भीतीने गेला, की जे बोललो ते खोटं आहे या जाणिवेने? सरकारपक्षाने पश्चात्ताप वाचला, बचावपक्षाने छळ वाचला. मला वाचता आली ती एवढीच गोष्ट, की अशा अवस्थेतल्या माणसाचा जबाब आजच्या कुठल्याही सेशन्स जज्जाने दहा वेळा पारखून घेतला असता.

तिसरी ओळ दामोदर त्रिंबक यांची, महाराजांचे खासगी कारभारी. अख्खी केस यांच्यावर उभी आहे. रावजी आणि नरसू पेल्याजवळचे लोक. पेल्यापासून महाराजांपर्यंतचा दुवा दामोदरपंत. महाराजांच्या अटकेबरोबरच त्यांना धरलं. आधी गोऱ्या सोल्जरांच्या पहाऱ्यात ठेवलं. मग पोलिसांच्या ताब्यात दिलं. आणि जानेवारी संपता संपता, माफीच्या वचनावर, त्यांनी सगळं सांगितलं. सोमल कसा मागवला, हिरे कसे घेतले, बाटली कशी तयार झाली. त्या बाटलीत मोठ्या मुंग्या, साप आणि घोड्याचं मूत होतं म्हणतात. उलटतपासणीत त्यांनी कबूल केलं की त्या पहाऱ्याला आपण कंटाळलो होतो आणि त्यातून सुटायचं होतं.

ही कबुली वाचली तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. खटल्यातला मुख्य साक्षीदार सांगतोय की मी बोललो ते सुटण्यासाठी. अमुक माणसाने मला अमुक बोलायला शिकवलं, असं तो म्हणत नाही. तसं कुणी कधी म्हणत नाही. पढवणं म्हणजे कुणीतरी समोर बसून पाठ करून घेणं, अशी लोकांची कल्पना असते. माझ्या पाहण्यात ते क्वचित. नुसतं ठेवून द्यायचं असतं. दिवस जाऊ द्यायचे. दुसरा काय बोलला ते कानावर पडू द्यायचं. आणि दार कुठे आहे ते दाखवायचं. माणूस आपणहून चालत जातो.

दामोदरपंतांच्या दप्तरात काही नोंदींवर शाई ओतलेली होती. सरकारपक्ष म्हणे, विषाचा खर्च लपवला. बॅलंटाइन म्हणे, कारभाऱ्याने स्वतःची अफरातफर लपवली, आणि आता ती महाराजांच्या नावावर टाकून तो सुटतो आहे. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण पटणं वेगळं आणि शाबीत होणं वेगळं, हे मी अशिलांना इतकी वर्षं सांगत आले, ते इथेही पाळायला हवं.

चौथी ओळ जवाहिरे हेमचंद फत्तेचंद यांची. हिरे यांच्याकडून आले असं ठरवायचं होतं. तपासात त्यांची सही असलेला जबाब तयार होता. कमिशनपुढे उभे राहिले आणि त्यांनी तो जबाब नाकारला. गजानन विठ्ठल यांनी दबाव टाकून सही घेतली, असं म्हणाले. काउच, मीड आणि मेलव्हिल यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. आजच्या भाषेत हेमचंद फितूर साक्षीदार. फितूर साक्षीदाराच्या बाबतीत प्रश्न नेहमी एकच असतो: पहिला जबाब खोटा की दुसरा? बहुतेक वेळा दुसरा खोटा धरला जातो, कारण मधल्या काळात आरोपीने त्याला विकत घेतलं असेल अशी शंका येते. इथे मधल्या काळात आरोपी स्वतः कैदेत होता, राज्य इंग्रजांच्या हातात होतं, आणि एका जवाहिऱ्याने भर कमिशनमध्ये मुंबई पोलिसांच्या अंमलदाराविरुद्ध तोंड उघडलं होतं. त्यात त्याचा फायदा काय होता, हे मला तरी दिसत नाही. माझ्या मते या खटल्यात साक्ष बिघडवल्याचा सगळ्यात जवळचा पुरावा हाच आहे.

भिंतीवरच्या कागदावर दोन ओळी रिकाम्या राहिल्या. राजवाड्यातले सालम आणि यशवंतराव. रावजी-नरसूला महाराजांकडे नेणारे, निरोप पोचवणारे हेच दोघे, असं सरकारपक्षाचं म्हणणं. दोघेही ताब्यात होते. दोघांनाही साक्षीला उभं केलं नाही. माझ्या ज्युनिअरने विचारलं, "मॅडम, मग यांना का नाही बोलावलं?" हाच प्रश्न बॅलंटाइन यांनीही विचारला होता. हाताशी असलेला साक्षीदार जो पक्ष लपवतो, तो आला असता तर त्या पक्षाविरुद्ध बोलला असता, असं अनुमान काढण्याची मुभा पुरावा कायद्याने तेव्हाही दिली होती. कायदा तेव्हा नवाकोरा होता, १८७२ चा. माफीचा साक्षीदार महत्त्वाच्या बाबींवर दुजोरा असल्याशिवाय विश्वासाला पात्र नाही, हेही त्याच कलमाखाली, कलम ११४ मध्ये, उदाहरणादाखल लिहिलेलं होतं. कमिशनपुढे तीन साथीदार होते आणि एकाचा दुजोरा दुसऱ्याला. कटातल्या एकाने कटातल्या दुसऱ्याला दिलेला दुजोरा मी दुजोरा मानत नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबं आहे, अशी खबर फेअर यांना रासायनिक तपासणीचा निकाल येण्याआधीच मिळाली होती, आणि ती देणारा त्यांच्या विश्वासातला भाऊ पुणेकर. बॅलंटाइन यांनी यावर बोट ठेवलं. पेल्यात काय आहे हे बाहेरच्या माणसाला आधीच कसं कळतं? याचं समाधानकारक उत्तर मला त्या पानांत सापडलं नाही. त्यात पहिले काही दिवस चौकशी कोणी केली, तर फेअर यांनीच. ज्याच्या पेल्यात विष, तोच पहिला तपास अंमलदार. नोकर त्याचे, घर त्याचं, प्रश्न त्याचे.

इथवर वाचलेला बडोदेकर म्हणेल, मग झालं की! आमचे वाडवडील सांगत होते तेच. नाही, तेच नाही. रेसिडेन्सीतल्या अमिना आयेच्या नवऱ्याच्या घरी काही पत्रं सापडली होती, घटनेच्या आधीची. पत्र तपासाच्या आधी लिहिलेलं असलं की कुठलाही अंमलदार ते पढवू शकत नाही. आया स्वतः राजवाड्यात गेल्याचं आणि पैसे मिळाल्याचं सांगते. बटलर पेद्रो विष साफ नाकारतो, पण पैसे घेतल्याचं कबूल करतो. ही माणसं स्वतःला अडचणीत आणणारी गोष्ट सांगतात आणि दुसरी, जास्त सोयीची, नाकारतात. अशी साक्ष मला खरी वाटते. म्हणजे महाराजांची माणसं रेसिडेन्सीच्या नोकरांशी लपून संधान बांधत होती आणि पैसे पेरत होती, हे माझ्या मते शाबीत आहे. मल्हाररावांच्या कारभाराबद्दल रयतेच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, हेही आपल्या गोष्टीत कधी येत नाही.

कमिशनमध्ये तीन विरुद्ध तीन मतं पडली. इंग्रज सभासदांनी आरोप खरा मानला, तिघा हिंदी सभासदांनी विषाचा आरोप शाबीत धरला नाही. दिनकररावांचं मत आणि शिंद्यांचं मत मी पुन्हा पुन्हा वाचलं. दोघेही इंग्रजांच्या मर्जीतले, त्यांना महाराजांना वाचवण्यात काही मिळवायचं नव्हतं. सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं ते या आरोपावर नाही, गैरकारभारावर. त्यांना मद्रासला नेलं, १८८२ मध्ये ते तिथेच वारले. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी २७ मे १८७५ ला कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं आणि तेच बारा वर्षांचे गोपाळराव सयाजीराव म्हणून गादीवर बसले. पुढचं बडोदं त्यांनी घडवलं. त्या चांगल्या दिवसांच्या उजेडात हा खटला विसरून जाणं सोपं झालं.

विषाचा निकाल कधी लागलाच नाही. हे वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. साक्षी स्वच्छ राहिल्या असत्या तर आज आपण सांगू शकलो असतो: महाराजांनी केलं, किंवा नाही केलं. माफीची वचनं, पहारे, आपापसात मिसळलेले जबाब यांनी आरोपीवर अन्याय झाला, तसाच फेअर यांच्यावरही झाला. त्या माणसाच्या पेल्यात सोमल खरोखर होता. तो कोणी टाकला आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे कळण्याचा त्याचा हक्क त्याच्याच बाजूच्या तपासाने संपवला.

आपल्याच शहरात हे पुन्हा घडलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत. १ मार्च २००२ ला हनुमान टेकडीवरच्या बेस्ट बेकरीत १४ माणसं मारली गेली. साक्षीदार एकामागून एक फिरले आणि जून २००३ मध्ये सगळे २१ आरोपी सुटले. १२ एप्रिल २००४ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द करून खटला महाराष्ट्रात पुन्हा चालवायला सांगितला. फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईच्या कोर्टाने नऊ जणांना दोषी धरलं. पुढे हायकोर्टात त्यांतल्या चौघांची शिक्षा कायम राहिली. ज्या मुलीच्या तोंडून सगळं प्रकरण बाहेर आलं होतं, तिने पुन्हा पुन्हा जबाब फिरवल्याबद्दल सुप्रीम कोर्टाने तिला मार्च २००६ मध्ये एक वर्षाची कैद दिली. कायद्याने ते बरोबर असेल. पण त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी सहकाऱ्यांशी भांडले होते, आणि आजही भांडेन. घरची माणसं गमावलेली मुलगी तुरुंगात जाते, हे मला पचत नाही. साक्षीदाराला धमकावणं हा त्याच वर्षी भारतीय दंडविधानात कलम १९५-अ म्हणून स्वतंत्र गुन्हा झाला. साक्षीदार संरक्षण योजना सुप्रीम कोर्टाने मंजूर केली ती डिसेंबर २०१८ मध्ये. भाजीची लारी लावणाऱ्या त्या बाईला यातलं काहीच मिळालं नाही.

वाचनमंडळात मी हे सगळं भिंतीवरच्या त्याच कागदासकट मांडलं. माझे चुलतसासरे पहिल्या रांगेत होते, नव्वदीला आलेले. मी थांबल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, एवढं वाचलंस, मग एका शब्दात सांग. महाराज दोषी की निर्दोष?"

मी म्हटलं, "काका, नोकरांना पैसे चारल्याचं शाबीत. विषाचं शाबीत नाही."

"शाबीत नाही म्हणजे निर्दोषच ना?"

"कोर्टात, हो. इतिहासात नाही."

ते नाराज झाले. घरी जाताना गाडीत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, की दामोदरपंतांचं ते शाई ओतलेलं दप्तर आता कुठे असेल. ते मोडी वाचतात; आमच्या घरात तेवढे एकच. गायकवाडी दप्तर आपल्या अभिलेखागारात आहे. त्यात हे कागद आहेत का, हे बघायला अर्ज द्यायचा आमचा दोघांचा बेत ठरला आहे. काकांना शाईखालच्या नोंदी हव्या आहेत. मला जानेवारी १८७५ मधल्या पहाऱ्याच्या नोंदी मिळाल्या तर हव्या आहेत. दामोदरपंत सोल्जरांच्या ताब्यातून पोलिसांकडे गेले, त्या दिवसापासून जबाबावर सही होईपर्यंत त्यांच्या खोलीत कोण कोण आलं गेलं, एवढंच.